बिबट्याच्या पट्ट्यातला शेळ्यांचा गोठा: तयार जाळीचा सांगाडा घ्यावा का?

कराड, पाटण, शिराळा भागात उसाला लागून वस्ती असेल तर शेळ्या उघड्या वाड्यात ठेवायचे दिवस गेले. म्हणून फॅब्रिकेशनवाल्यांकडून करून मिळणारा 10 बाय 12 फुटांचा, साडेसहा फूट उंच, 35 मिमी अँगल आणि वेल्डमेशचा (तारा वेल्ड करून केलेल्या जाळीचा) गोठा पाहिला. दहा-बारा मोठ्या शेळ्या त्यात मावतात. घ्यावा, पण दुकानातून येतो तसाच उभा करू नये.

सगळा खेळ जाळीचा आहे. 2 बाय 2 इंची चौकट आणि 10 गेज तार हवी; गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 3 इंची चौकटीतून पंजा आत येतो आणि शेळीचा पाय ओढला जातो. चेनलिंक (विणलेल्या तारेची जाळी) स्वस्त पडते, पण तिची एक तार तुटली की वीण उसवत जाते. 10 गेज सांगून 12 गेज गळ्यात मारली जाते, डोळ्यांना फरक कळत नाही. वजनकाटा लावा: फूटभर लांब, फूटभर रुंद तुकडा 10 गेजचा असेल तर साधारण 240 ग्रॅम भरतो, 12 गेजचा 160च्या आत. जाळी अँगलला आतून टाके मारून लावली असेल तर परत पाठवा. बाहेरून धडक बसली की सगळा जोर त्या टाक्यांवर येतो. जाळी बाहेरून लावलेली, वर पट्टी दाबून वेल्ड केलेली हवी. वेल्डिंगपाशी जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो, म्हणून प्रत्येक टाक्यावर रेड ऑक्साइडचे (गंजरोधक रंगाचे) दोन हात द्यावेत. लेंडी-मुताने खालचा अँगल सर्वांत आधी गंजतो, तो फूटभर उंच काँक्रीटच्या जोत्यावर बसवावा. जोतं जमत नसेल तर बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळी जमिनीत चार इंच खोल आडवी पुरावी. कोल्हा-कुत्रं भिंतीच्या कडेलाच उकरतं, त्याला जाळीच लागते.

वर नुसता पत्रा चालत नाही. जे-हूकवरचा (वाकड्या आकड्यांनी अडकवलेला) पत्रा उचकटतो, त्याखाली जाळी हवीच. खालच्या तीन फुटांना बाहेरून पत्रा मारून घ्या. आतली शेळी दिसली नाही तर बिबट्या घुटमळत नाही, आणि शेळ्याही बिथरून एका कोपऱ्यात चेंगरत नाहीत. त्या पत्र्याच्या वरची बाजूची जाळी उघडी ठेवा, नाहीतर आत कोंदट होऊन करडं खोकायला लागतात.

दार बाहेर उघडणारं हवं, म्हणजे बाहेरून ढकललं तर चौकटीवर आणखी घट्ट बसतं. कडी वर एक, खाली एक. एकाच कडीवर खालचा कोपरा वाकतो.

आता महत्त्वाचं. वरून पडणारं दार बसवून देतो, बिबट्या आला की अडकेल, असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला सापळ्यात पकडणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकार धरली जाते आणि किमान तीन वर्षांची कैद होते. पिंजरा लावायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देतात. रानडुकरासाठी बांधावर लावलेल्या क्लचवायरच्या फासातही बिबट्या अडकतो, तेही काढून टाका. आणि पकडून नेण्याने प्रश्न मिटत नाही. जुन्नरला 2001 नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तर माणसांवरचे हल्ले वाढले. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतोच.

तरीही शेळी गेलीच, तर ती जागेवरून हलवू नका. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, वनरक्षकाचा पंचनामा झाल्याशिवाय भरपाईची फाईल पुढे सरकत नाही. बिबट्या आत कोंडला गेला असेल तर दाराजवळ गर्दी होऊ देऊ नका, माणसं लांब ठेवा आणि वनविभागाची टीम येईपर्यंत टॉर्चही मारू नका.