आईची जमीन की वाटणीची जमीन?

इंडोनेशियात पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ समाजात वडिलोपार्जित भातशेती आईकडून लेकीकडे जाते. तिला 'हारातो पुसाको' म्हणतात. देखरेख मामाची, हक्क बहिणीचा आणि भाच्यांचा. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. ही जमीन विकायची नाहीच. गहाण टाकायची तर रूढीने चारच कारणं मान्य आहेत: मोठ्या घराचं छप्पर गळतंय, वयात आलेल्या मुलीचं लग्न रखडलंय, घरात प्रेत आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, किंवा कुळाच्या प्रमुखाचं पद पुन्हा उभं करायचंय. चारही कारणं घराच्या अब्रूची. हौसेला त्यात जागा नाही.

इंडोनेशियाच्याच जावा बेटावर मुलगा-मुलगी दोघांनाही वाटा मिळतो. काही घरांत सारखा, काही घरांत 'सपिकुल सगेंडोंग': पुरुष कावडीला दोन ओझी लावतो, बाई पाठीवर एकच टोपली बांधते, म्हणून त्याला दोन वाटे, तिला एक. वाटा स्वतःचा, विकता येतो, कागद करून त्यावर कर्जही काढता येतं. पण पिढीगणिक तुकडे पडत जातात. अर्ध्या हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला तिथे 'पतानी गुरेम' म्हणतात. त्यातले कित्येक दुसऱ्याचं शेत अर्धलीने करतात.

कर्जाची सोय जावात जास्त, हे खरंच. सुमात्रात सामाईक जमिनीचा एकट्याच्या नावे कागद करायचा, तर सगळ्या कुळाची संमती लागते. तरी मला मिनांगकाबाऊंची रीतच भावते. नवऱ्याशी पटलं नाही, तर घर सोडून तो जातो, ती नाही.