नवी पेठेतले हजार की यादीतले चारशे?

सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हे विचारायचंय. नवी पेठेत संध्याकाळी उभं राहिलं तर हजार माणसं सहज भेटतील. पण सगळी बाजाराला आलेली. पूर्व भागात यंत्रमागावर उभा कामगार, घरी विड्या वळणारी बाई त्यात येणार कशी? हा निवडीचा दोष, आकडा वाढवून जात नाही. १९३६ साली एका अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे २४ लाख उत्तरं जमवूनही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं सांगितलं, आणि जिंकले तेच!

मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून चारशे नावं काढली, तर नमुन्यामुळे होणारी चूक बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्या आत राहते. पायपीट मात्र भरपूर. आणि दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारच्यालाच विचारलं, की पुन्हा तोच घोळ. तरी मी यादीच घेईन.