लाइफ कोचचं प्रमाणपत्र आणि बारा हप्ते

चाळिशी-पंचेचाळिशीत चांगल्या पगाराची नोकरी सोडून 'आता लोकांसाठी काहीतरी करायचं' असं ज्यांनी मनाशी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नोकरी सोडू नका, असं मी सांगणार नाही. मी सोडली आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती राजीनामा दिलेल्या माणसांना हेरून त्यांना 'लाइफ कोच', म्हणजे आयुष्याच्या वळणावर लोकांना मार्ग शोधायला मदत करणारा, बनवण्याचे अभ्यासक्रम विकणाऱ्या एका धंद्याबद्दल.

मी चाकणच्या एका कारखान्यात एचआरला होते. शेवटी शेवटी भरतीपेक्षा माणसं कमी करण्याचंच काम जास्त असायचं. पत्र हातात द्यायचं, फुल अँड फायनलचा हिशोब समजावायचा, ओळखपत्र परत घ्यायचं. समोरचा माणूस विचारायचा, "मॅडम, घरी काय सांगू?" कंपनीच्या कुठल्याच पॉलिसीत याचं उत्तर नव्हतं. नोकरी गेलेले, निवृत्तीला टेकलेले, घटस्फोटानंतर किंवा जोडीदार गेल्यावर नव्यानं घडी बसवणारे, अशांना सोबत करावी हा विचार तिथंच पक्का झाला.

लिंक्डइनवर 'नव्या वाटेच्या शोधात' एवढं टाकलं आणि मोबाइलवर लाइफ कोच घडवणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींची रांग लागली. त्यातल्याच एका संस्थेत मी अडकले. आधी फुकट वेबिनार, मग 99 रुपयांची ऑनलाइन कार्यशाळा. 99 रुपयांत त्यांना काय मिळतं? खिशात हात घालणारी माणसं वेगळी निघतात. त्या संस्थेत पूर्वी विक्रीत असलेल्या एका मुलानं हे मला नंतर सांगितलं. कार्यशाळेत डोळे मिटून पाच वर्षांनंतरची 'मी' बघायची, दोन-चार जणांनी रडायचं आणि चॅटमध्ये धडाधड 'मी प्रवेश घेतला' असे मेसेज पडायचे. त्यातली किती माणसं खरी होती, देव जाणे.

खरा खेळ त्यानंतरच्या फोनवर असतो. त्याला 'डिस्कव्हरी कॉल' म्हणतात. मुलगी अतिशय गोड बोलणारी होती. नोकरी का सोडली, घरचे काय म्हणाले, रात्री कशाची भीती वाटते, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकेक गोष्ट माझ्यावरच वापरली. मी म्हटलं, "यांच्याशी बोलून सांगते." त्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही लोकांना निर्णय घ्यायला शिकवणार ना? मग पहिला निर्णय स्वतःचा स्वतः घ्या." फी 2 लाख 40 हजार, वर 18 टक्के जीएसटी. सवलत फक्त रात्री बारापर्यंत आणि बॅचमध्ये दोनच जागा. त्याच दोन जागा पुढच्या आठवड्याच्या जाहिरातीतही शिल्लक होत्या. अशी खोटी घाई करणं हा केंद्र सरकारच्या 2023च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या (म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार बंदी असलेला प्रकार आहे, हे तेव्हा मला कुठून ठाऊक असणार?

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांचा पाय इथंच अडकतो. एकूण रक्कम झाली 2 लाख 83 हजार 200, म्हणजे दरमहा 23 हजार 600 चे बारा हप्ते. बोलताना ती याला 'फी हप्त्यानं भरणं' म्हणत होती. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं, आणि आधार, पॅन, ओटीपी हे सगळं त्याच फोनवर उरकलं. फायनान्स कंपनी संस्थेला व्याज कापून एकरकमी पैसे देते. संस्थेचं काम तिथंच संपतं. पुढं वर्ग झाले नाहीत, शिकवणारे बदलले, संस्थेनं गाशा गुंडाळला, तरी तुमचा हप्ता चालूच. थांबवला तर सिबिल स्कोअर बिघडणार तुमचा. अशा डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 'कूलिंग ऑफ'ची सोय आहे, पण ती मुदत अगदी मोजक्या दिवसांची. पहिला खरा वर्ग ती मुदत उलटल्यावरच ठेवलेला असतो, आणि हा काही योगायोग नव्हे.

वर्ग म्हणजे बहुतेक रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. 'पहिले पैसे देणारे क्लायंट आम्ही मिळवून देऊ' असं फोनवर सांगितलं होतं. करारात मात्र 'संधी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न' असे शब्द निघाले. आलेले क्लायंट म्हणजे आमच्याच बॅचची माणसं. मी नाशिकच्या एका बँकवाल्याला कोच करायचं, त्यानं ठाण्याच्या शिक्षिकेला, तिनं मला. ही सरळ भिशी होती. फरक एवढाच, की भिशीत आपली पाळी आली की पैसे मिळतात. नंतर सुचवण्यात आलं, की ओळखीतल्या कुणाला प्रवेश घ्यायला लावलात तर कमिशन मिळेल. सगळ्या बॅचमध्ये ज्यांच्या हाती खरोखर पैसे आले ते असेच. कोचिंगमधून कमावणारा मला एकही भेटला नाही.

यापर्यंत मी पैशाचा प्रश्न म्हणून सोडूनही दिलं असतं. पण सरावासाठी बाहेरची माणसं आणा म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या एक काकू तयार झाल्या. काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "अगं, झोप नाही, जेवण जात नाही. सकाळी उठायचं कशाला तेच कळत नाही." मी हे प्रशिक्षकाला सांगितलं. तो म्हणाला, "ही त्यांची लिमिटिंग बिलीफ आहे, स्वतःलाच अडवणारी समजूत. त्यांना सहा महिन्यांचं पॅकेज ऑफर करा, घासाघीस करू देऊ नका." मी काकूंच्या मुलीला फोन केला आणि आम्ही त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. दुसऱ्या कुणी ते पॅकेज विकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केला की आजही संताप येतो. (अशा वेळी कुणाला पटकन फोन करायचा असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 आहे. मराठीत बोलता येतं.)

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर 1992च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोचला असलं काही लागत नाही. उद्या सकाळी पाटी लावली तरी चालते. म्हणूनच 'आंतरराष्ट्रीय मान्यता' हे शब्द इतके विकले जातात. माझ्या प्रमाणपत्रावर एका परदेशी मंडळाचा सोनेरी शिक्का होता. शोध घेतल्यावर कळलं, की त्या मंडळाची मान्यता पैसे भरले की मिळते. याउलट 1995 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या कोचच्या संघटनेचं सगळ्यात खालच्या पातळीचं एसीसी हे प्रमाणपत्र मिळवायलाही किमान 60 तासांचं प्रशिक्षण, वर 100 तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव आणि परीक्षा लागते. त्याच्या वरच्या पीसीसीला अनुभवाचे 500 तास. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. आयसीएफच्या प्रमाणपत्रानं दारात रांग लागते असंही नाही. पण आठ शनिवार-रविवारांत 'मास्टर कोच' करून देतो म्हणणाऱ्याला थेट विचारा: कुठल्या यादीत तुमचं नाव आहे, लिंक पाठवा. माझ्या संस्थेनं यावर उत्तर म्हणून एक प्रेरणादायी व्हिडिओ पाठवला.

पैसे परत मागितल्यावर संस्था म्हणे फायनान्स कंपनीशी बोला, फायनान्स कंपनी म्हणे संस्थेशी बोला. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तेव्हा संस्थेकडून माणूस बोलायला आला. चाळीस टक्के परत देतो म्हणाला, अट एकच: कुठंही काही बोलायचं किंवा लिहायचं नाही, अशी सही करून द्यायची. मी सही केली नाही, म्हणून तर हे लिहू शकतेय. करारात गुरुग्रामच्या न्यायालयाचा उल्लेख होता आणि त्यालाच घाबरून बॅचमधले बरेच जण गप्प बसले. पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. तक्रार ऑनलाइन दाखल केली आहे, तारखा पडतायत. फोनवर दिलेल्या आश्वासनांचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त त्या मुलीचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत, त्यातले निम्मे तिनं डिलीट केलेले. तुम्हाला असा फोन आला तर "हे सगळं ईमेलवर लिहून पाठवा, मग बोलू" एवढंच म्हणा. आमच्या बॅचमधल्या एकीच्या भावानं नंतर म्हणून पाहिलं. त्याला परत फोन आलाच नाही.