मुलांच्या ऑडिशनच्या नावाखाली विकले जातात ते फक्त फोटो

मॉलमध्ये, शाळेच्या गॅदरिंगला किंवा इन्स्टाग्रामवर कोणी तुमच्या मुलाला बघून ‘ऑडिशनला या’ म्हणालं, तर पुढे काय होतं ते सविस्तर लिहिते आहे. आमचे २८,००० रुपये अडकले आहेत. पण त्याहून जास्त राग आहे तो सात वर्षांच्या मुलीला त्यांनी ज्या पद्धतीने वापरलं त्याचा.

ठाण्यातल्या एका मॉलमध्ये या ऑडिशनवाल्यांचा स्टॉल होता. मागे जाहिरातीतल्या मुलांचे मोठमोठे फोटो, पुढे टॅब घेतलेली एक मुलगी. “ताई, बेबीचा फेस एकदम फ्रेश आहे. फक्त डिटेल्स देऊन ठेवा, पैसे काही नाहीत.” काही दिवसांनी फोन आला. लेक शॉर्टलिस्ट झाली होती, एका बिस्किटाच्या जाहिरातीसाठी. अट एकच, आईबाबा दोघांनी यायचं. हा आग्रह कशासाठी, ते नंतर लक्षात येतं. एकटी आई आली तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणून उठू शकते ना.

ऑफिस अंधेरी पश्चिमेला. तिथून जवळच, वर्सोव्याच्या आराम नगरात खरीखुरी कास्टिंग ऑफिसं आहेत, त्यामुळे त्या भागातला पत्ता बघून कोणाला शंका येत नाही. ऑडिशनच्या वेळी आम्हाला बाहेर बसवलं. आत काय झालं ते लेकीनेच सांगितलं: नाव विचारलं, एक कविता म्हणायला लावली, रडून दाखव म्हणाले, मग टाळ्या वाजवल्या आणि “तू आता टीव्हीवर येणार” असं तिला सांगून टाकलं. पैशांचा विषय आमच्याजवळ निघण्याआधी! मुलांना एकटं आत पाठवू नका, हे तर निक्षून सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पवईत वेबसिरीजच्या ऑडिशनसाठी म्हणून बोलावलेल्या १७ मुलांना एका माणसाने स्टुडिओत ओलीस धरलं होतं, ती बातमी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

मग ‘काउन्सेलिंग’. छोटी केबिन, लेक माझ्या मांडीवर, समोर ‘सर’. पोर्टफोलिओ (म्हणजे फोटोंचा संच) आणि ग्रूमिंग (कॅमेऱ्यासमोरची तयारी) मिळून ४५,०००, आज भरलेत तर २८,०००, उद्या ही ऑफर नाही. नवऱ्याने “विचार करून कळवतो” म्हटलं, तेव्हा सर आमच्याशी बोललेच नाहीत. ते लेकीकडे वळले. “बेटा, पप्पांना सांग ना, तुला करायचंय ना?” तिने बाबाचा हात धरला आणि हलवायला लागली. या एका क्षणासाठी तो सगळा थाट उभा केलेला असतो. पोराच्या तोंडून मागणी आली की कुठल्या आईबापाच्या तोंडून ‘नाही’ निघेल?

पावतीवर जाहिरात, काम, निवड यातलं अक्षरही नव्हतं. ‘फोटोशूट व ग्रूमिंग सेवा, रक्कम परत मिळणार नाही’ एवढंच. कामाचं आश्वासन सगळं तोंडी. पुढे त्यांना जाब विचारला की ते पावती दाखवतात: आम्ही फोटो विकले, फोटो दिले. पोलीस चौकीतही आम्हाला हेच ऐकावं लागलं, की हा व्यवहाराचा वाद आहे.

फोटो आले. भडक मेकअप, भाड्याचा फ्रॉक. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑडिशन अलर्ट’ यायला लागले, आणि तेच मेसेज फुकटच्या कास्टिंग ग्रुपवर जसेच्या तसे फिरत होते. मग ‘आर्टिस्ट कार्ड’साठी आणखी १५,००० मागितले. ते आम्ही दिले नाहीत. त्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

आमच्या सोसायटीतले एक दादा गोरेगावच्या फिल्मसिटीत लाइट विभागात आहेत. ते म्हणाले, लहान मुलांचा पोर्टफोलिओ मागतंय कोण? सहा महिन्यांत दात पडतात, उंची वाढते, चेहरा बदलतो. कास्टिंगवाल्यांना मोबाइलवर काढलेला इंट्रो लागतो: साध्या भिंतीसमोर उभं राहून नाव, वय, उंची, गाव, मग डावी-उजवी बाजू. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर आपलं कमिशन मानधनातून कापतो. काम मिळायच्या आधी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो.

नंतर मी नियम वाचले. २०१७ पासून बालकलाकारांसाठी केंद्राचे स्पष्ट नियम आहेत. मुलाला कामावर घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. अभ्यास बुडू द्यायचा नाही. मानधनातली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायची. हे वाचल्यावर आठवलं, आमच्याकडून आधारची झेरॉक्स घेतली, मापं घेतली, पण लेक कितवीत आहे, कुठल्या शाळेत जाते, हे तिथे एकानेही विचारलं नव्हतं. ज्याला खरंच शूटिंग करायचं असतं त्याला शाळेचा विषय काढल्याशिवाय गत्यंतरच नसतं.

लेक अजून विचारते, माझी बिस्किटाची जाहिरात कधी लागणार. तिला वाटतं तिचं रडणं नीट जमलं नाही. तिचं काही चुकलं नव्हतं, ती छानच बोलली होती, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. या लोकांना मी माफ करणार नाही ते यासाठी.

तक्रारीचं म्हणाल तर आम्ही आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्यात पैशांसोबत लेकीचे फोटो आणि आधारची प्रत नष्ट केल्याचं लेखी मागितलं. त्यावर १०,००० परत देतो, पण ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून द्या, असा निरोप आला. आम्ही सही केली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणून ठाण्यातच तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. ऑनलाइन पैसे भरले असतील आणि फसवणूक नुकतीच लक्षात आली असेल तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. आणि स्टॉलचा फोटो, कॉल रेकॉर्डिंग, चॅट, पावती यातलं काहीही डिलीट करू नका. तोंडी आश्वासनाचा पुरावा म्हणून आमच्या वकिलांनी पहिल्यांदा मागितला तो ‘शॉर्टलिस्ट झाली’ म्हणणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच.