हॅवलॉकची फिशिंग ट्रिप: जीटी माशासाठी जावंच!
फेब्रुवारीत अंदमानला गेलेलो तेव्हा हॅवलॉकहून (2018 पासून नाव स्वराज द्वीप, पण सगळे हॅवलॉकच म्हणतात) अर्ध्या दिवसाची बोट घेतली, पहाटे साडेपाचला निघालो. इथला खरा मासा म्हणजे जायंट ट्रेव्हली, जीटी म्हणतात, प्रवाळाच्या कडेला जिथे पाणी उसळतं तिथे दबा धरून असतो, आणि त्याच्यासाठी पॉपर म्हणजे पाण्यावर फटफट आवाज करणारं खोटं आमिष लांब फेकून झटके देत ओढायचं, तासाभरात खांदे भरून येतात खरंच! दोन तास काहीच नाही, मग एकदम पाणी फुटलं आणि रीळ अशी किंचाळली की हात थरथरायला लागले. दहा-बारा किलोचा असेल. गळाच्या टोकाचे उलटे काटे आधीच दाबलेले होते त्यामुळे मासा पटकन सुटला, फोटो काढून लगेच सोडला, ते मला फार आवडलं. बोटवाला दादा एकदम शांत, नवख्याला नीट शिकवतो. फक्त बोटीवर सावली नावाला, पाणीही कमी पडलं, एवढे पैसे घेता तर हे सांभाळा ना. उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, आणि जून ते सप्टेंबर टाळा, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो.