सोसायटीत आधी काय करायचं: खताचा हौद, बोअर रिचार्ज, झाडं की सोलर? खान्देशच्या उन्हात बसून केलेली तुलना

चुलतभाऊ धुळ्याला देवपूरमध्ये राहतो, २४ फ्लॅटची बिल्डिंग आहे. सगळ्यांनी मिळून थोडे पैसे जमवलेत आणि पर्यावरणासाठी काहीतरी करायचं ठरलंय, पण ग्रुपवर चार दिवस नुसती चर्चा चाललीये, एक म्हणतो झाडं लावा, दुसरा म्हणतो सोलर बसवा, एका ताईंना ओल्या कचऱ्याचं खत करायचंय आणि खालच्या मजल्यावरचे काका म्हणताहेत की बोअर आटलाय त्याचं आधी बघा. त्याने मला फोन केला कारण आमच्या जळगावच्या सोसायटीत गेल्या सहा वर्षांत आम्ही यातलं तीन गोष्टींचं काम केलंय आणि चौथ्याची पूर्ण चौकशी केलीये. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांसमोर असणार.

आधी एक सांगतो, चारही कामं चांगलीच आहेत, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे कुठलंही काम निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: मे महिन्यात हे कोण बघणार? जूनमध्ये सगळे उत्साहात असतात, पण पारा ४४-४५ ला गेला, शाळांना सुट्ट्या लागल्या, निम्मी बिल्डिंग गावाला गेली, नळाला पाणी दिवसाआड की दोन दिवसाआड ते नक्की नाही, तेव्हा त्या कामाकडे रोज बघणारा माणूस आहे का? असेल तर ते काम टिकतं.

आणि ही काही नवी गोष्ट नाहीये. आपल्या धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम नदीवर फड पद्धत होती, तीनशे वर्षांहून जुनी, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पण ती एवढी वर्षं टिकली त्याचं मला वाटतं खरं कारण म्हणजे पाणी सोडायला पाटकरी होता, राखणीला जागल्या होता, आणि त्यांचा मोबदला सगळे शेतकरी मिळून द्यायचे. काम सगळ्यांचं, पण जबाबदारी नाव घेऊन एकाची. म्हणून मी आमच्या मिटिंगमध्ये नेहमी हेच विचारतो, याचा पाटकरी कोण?

आता एकेक बघू.

खताचा हौद. यात सगळ्यात जास्त माणसं गुंततात आणि सगळ्यात जास्त भांडणं पण यातच होतात. चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा-पाऊण किलो ओला कचरा निघतो, म्हणजे २४ घरांचा १४-१५ किलो, महिन्याला सव्वाचारशे किलोच्या आसपास. हे सगळं घंटागाडीत जायचं थांबलं तर फरक केवढा ते तुम्हीच बघा. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ओला-सुका वेगळा करणं प्रत्येक घराला बंधनकारक झालं आणि ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं गेलं, त्यामुळे मोठी सोसायटी असेल तर हे काम टाळताच येणार नाही. छोट्या बिल्डिंगने मात्र विचार करून घ्यावं.

आम्ही दोन हौद बांधले, विटांचे, मध्ये फटी ठेवून, वर पत्रा. एक भरेपर्यंत दुसरा पिकतो. पहिले दोन महिने छान गेले, मग पावसाळा आला, वरून पाणी झिरपलं, वास सुटला आणि अळ्या झाल्या. तळमजल्यावरच्या एका काकूंनी सरळ सांगितलं की एकतर हौद राहील नाहीतर आम्ही. त्यांचं चुकलं नव्हतं, वास खरंच येत होता. नंतर कळलं की आमचं सुक्याचं प्रमाण चुकत होतं. ओला कचरा जेवढा तेवढाच, जमलं तर जास्त, सुका पालापाचोळा वर पडायला पाहिजे, नाहीतर आतली हवा संपते आणि सडायला लागतं. अळ्या तशा काही करत नाहीत, उलट कचरा खाऊन लवकर संपवतात, पण लोकांना ते पटवणं अवघड असतं आणि वास गेला की तो विषयच संपतो.

सुकं कुठून आणायचं? दुकानात कोकोपीटच्या विटा मिळतात, पण नारळाचा भुसा दक्षिणेतून इथपर्यंत आणायचा आणि आपल्याकडे एवढं पडलेलं असताना विकत घ्यायचा, हे मला पटत नाही. सॉ मिलचा भुसा, फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारा कडुनिंबाचा पाला, ओळखीचा शेतकरी असेल तर कुट्टी केलेली पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या), आणि उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडची चिपाडं, दोन दिवस वाळवून बारीक तोडली की एकदम मस्त काम करतात. आम्ही पाला पोत्यांत भरून वर्षभराचा साठा करतो. केळीच्या साली लवकर जिरतात, पण घड विकत आणला असेल तर त्याचा दांडा तोडूनच टाका, तो चिवट असतो. विरजण म्हणून आंबट ताक किंवा शेणकाला पुरतो.

आणि मे महिना! पावसाळ्यात वासाचा त्रास, तर उन्हाळ्यात उलटंच, ढीग इतका वाळतो की आतलं काम बंद पडतं, महिनाभर साली जशाच्या तशा राहतात. तेव्हा दर दोन दिवसांनी पाणी शिंपडायचं, खालीवर करायचं, ओल मुठीत दाबून बघायची, हाताला ओलसर लागलं पाहिजे पण पाणी गळायला नको. हे रोजचं काम आहे. हौसेने कोणीतरी करेल यावर सोडलं तर तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं, आमचं एकदा पडलंच. मग आम्ही बिल्डिंगच्या जिने झाडणाऱ्या मावशींना विचारलं, त्यांना वेगळे पैसे ठरवले, हातमोजे, फावडं दिलं आणि तेव्हापासून नीट चाललंय. ज्यांना हे पैसे जास्त वाटतात त्यांना एवढंच म्हणेन की दुसऱ्याने आपला कचरा फुकट हलवावा ही अपेक्षाच चूक आहे.

बोअर रिचार्ज म्हणजे छतावरचं पाणी जमिनीत सोडणं. हे बरोबर उलट आहे. कष्ट आणि खर्च एकदाच, नंतर वर्षातून एक रविवार. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३०० चौरस मीटर गच्ची आणि वर्षाचा पाऊस कमीच धरू, ६०० मिलिमीटर, त्यातला पाचवा भाग वाया जाईल असं समजा, तरी १ लाख ४४ हजार लिटर हाती येतं. पाच हजार लिटरचे जवळजवळ २९ टँकर! पहिल्या मोठ्या पावसात गच्चीच्या पाइपातून रस्त्यावर जाणारं पाणी बघून आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, "इतलं पानी कथा जास रे भाऊ?" (इतकं पाणी कुठे जातं रे भाऊ?) तिथूनच आमचं हे काम सुरू झालं.

पण यात फसगत पण होते, म्हणून जमीन आधी समजून घ्या. आमच्या भागात वर काळी माती आहे, ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही. एका ठेकेदाराने आमच्याकडे चार फुटांचा खड्डा करून त्यात विटांचे तुकडे भरून दिले आणि काम झालं म्हणाला, पहिल्याच पावसात त्याचं डबकं झालं, डास झाले. काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खाली गेलंच पाहिजे. शिरपूरचं उदाहरण बघा, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून तिथे जे काम केलं त्याचं मर्म हेच होतं, तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वरचा चिकणमातीचा थर पाणी अडवतो म्हणून नाले रुंद आणि खोल केले, तो थर ओलांडला आणि कोरड्या पडलेल्या विहिरींत पण पाणी सोडलं. आपली बिल्डिंग म्हणजे त्याचं एकदम छोटं रूप.

बोअरमध्ये थेट पाणी सोडणार असाल तर गाळणी पाहिजेच, खाली मोठे दगड, मग खडी, मग वाळू. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, त्यात वर्षाची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. आणि आवारातलं, पार्किंगमधलं पाणी बोअरमध्ये चुकूनही घालू नका, ड्रेनेजचं चेंबर जवळ असेल तर जागाच बदला. एकदा खालचं पाणी खराब झालं तर ते नीट करता येत नाही.

मे महिन्यात काय लागतं? काहीच नाही. मेच्या शेवटी पापड-कुरडया उतरल्या की गच्ची झाडायची, जाळ्या साफ करायच्या, वाळू धुवायची. आमची आजी गावाला धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात राहायची, पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकणं हे ठरलेलं काम होतं, घरातल्या कोणालाच त्यातून सूट नसायची. तसंच हे, वर्षातून एकदा, सगळ्यांनी.

एक गोष्ट मात्र लोकांना आधीच सांगा. जिरवलेलं पाणी आपल्याच बोअरला लागेल याची खात्री नसते, काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून कुठेही जातं. आमच्या बोअरला फरक पडला, पूर्वी मार्चमध्ये आटायचा तो आता एप्रिलअखेरपर्यंत येतो, पण जास्त फायदा बहुतेक मागच्या गल्लीला झाला असावा. मला त्याचा आनंदच आहे, पण ज्याने पैसे दिलेत त्याला हे आधी माहीत असलेलं बरं.

झाडं. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळे येतात, म्हणून माणसं जोडायला यासारखं काम नाही. पण दर जुलैत शंभर रोपं लावली जातात आणि पुढच्या मेमध्ये किती उरतात हे कोणी मोजत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं, आठवड्यातून दोनदा २० लिटर धरा, म्हणजे २५ झाडांना आठवड्याला १००० लिटर. नळाला दोन दिवसाआड पाणी येणाऱ्या कॉलनीने आधी हे गणित करावं आणि मग रोपांचा आकडा ठरवावा. आम्ही पहिल्या वर्षी ४० लावली, ११ जगली. दुसऱ्या वर्षी फक्त १२ लावली, एकेक झाड एकेका घराला दिलं, ठिबकची नळी टाकली (ठिबकसाठी आख्खा देश जळगावकडे बघतो आणि आपण कॉलनीत बादल्या घेऊन फिरतो), बुडाशी पाल्याचा जाड थर दिला, बाराच्या बारा उभी आहेत.

कुठली लावायची तर कडुनिंब, करंज, बहावा, मोठी ओपन स्पेस असेल तर वड-पिंपळ. गुलमोहर दिसतो छान, पण वादळात फांद्या मोडतात, गाड्या उभ्या असतात तिथे नको. शेळ्या-गाईंसाठी जाळी लागतेच. आणि जागा विचार करून ठरवा, कारण १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यामुळे मोठं झाल्यावर परवानगीशिवाय तोडता येत नाही, ते योग्यच आहे.

गावांनी हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करून दाखवलंय. साक्री तालुक्यातलं बारीपाडा, चैत्राम पवारांना त्या कामासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे गावाने स्वतः नियम केले, तोड थांबवली, राखण केली आणि जंगल परत आलं. तिथे दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. मला त्यात मोठी गोष्ट ही वाटते की राखलेल्या जंगलातून बायकांच्या हातात काहीतरी येतं, ते रांधलं जातं, त्याचं कौतुक होतं. आम्ही पण शेवग्याची दोन झाडं लावलीत, शेंगा सगळ्यांना वाटतो, आणि त्या झाडांना पाणी घालायला कोणाला सांगावं लागत नाही.

सोलरचं थोडक्यात. पैशाचा हिशोब यात सगळ्यात सरळ आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी ४ युनिट. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅट किंवा जास्तीसाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरलं, सोसायटीच्या सामाईक मीटरला (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे) किलोवॅटमागे १८ हजार, म्हणजे पाच किलोवॅटला ९० हजार. एक गैरसमज सगळीकडे आहे की आपल्याकडे ऊन जास्त म्हणून वीज जास्त. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको, २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन कमी होतं आणि मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले. शिवाय धूळ, ती दर आठवड्याला पहाटे पुसावी लागते, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. बिल नक्की कमी होतं. पण माणसं एकत्र येत नाहीत, सही केली, बसवलं, झालं. तुमची सोसायटी एकमेकांशी बोलतच नसेल तर हे सगळ्यात सोपं, आणि वाचलेल्या बिलातून मावशींचे पैसे निघू शकतात, हा विचार मला फार आवडतो.

चुलतभावाला मी काय सांगितलं? त्यांच्याकडे बोअर आहे, गच्ची मोठी आहे, ओपन स्पेस नाही आणि रोज बघणारा माणूस अजून ठरलेला नाही, तर या वर्षी रिचार्ज करा, पावसाच्या आधी, आणि खड्डा खणताना मुरूम लागला का ते स्वतः उतरून बघा. ज्या ताईंना खत करायचंय त्यांना थांबवू नका, त्यांनी अजून पाच-सहा घरं घेऊन घरच्या बादलीत सुरू करावं, बुडाला भोकं पाडलेली झाकणाची साधी बादली चालते, एक पावसाळा आणि एक उन्हाळा निघाला की मग हौदाचं बघा. प्लॉटची कॉलनी असती, ओपन स्पेस असती, तर मी झाडं आधी म्हटलं असतं, दहा-बाराच, प्रत्येक झाडापुढे एका घराचं नाव.

त्याने परवा फोन केला, खालच्या मजल्यावरच्या काकांनीच वर्षातून एकदा गच्ची साफ करून घ्यायची जबाबदारी घेतलीये, वहीत नाव लिहून सही पण केलीये. खड्डा या रविवारी खणायला घेताहेत, मी सकाळच्या बसने जाऊन येतो.