स्वागतसमारंभाची नियोजन-सेवा : रसिकता भरपूर, खुर्च्या दाटीवाटीने

धाकट्या बहिणीच्या विवाहानिमित्तच्या स्वागतसमारंभाची आखणी आम्ही एका व्यावसायिक नियोजन-सेवेकडे सोपवली होती. सजावटीचे नमुने पुढे करण्याआधी त्यांनी वधूवरांची ओळख कशी झाली, दोघांना काय वाचायला आणि ऐकायला आवडते, अशी चौकशी केली आणि त्यावरून समारंभाचे स्वरूप ठरवले, ही त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. (एरवी आद्याक्षरांची झगमगीत पाटी टांगली की समारंभ वैयक्तिक झाला, असे मानण्याची पद्धतच पडली आहे.) प्रवेशापाशी लावलेल्या छायाचित्रांखालच्या, वधूच्याच हस्ताक्षरातील ओळी वाचत पाहुणे बराच वेळ रेंगाळत होते.

प्रकाशयोजना तर अत्यंत विचारपूर्वक केलेली होती. व्यासपीठावर २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाची रंगछटा मोजण्याचे एकक), म्हणजे पिवळसर छटेचा उबदार प्रकाश समोरून आणि किंचित वरून सोडलेला होता, तर रंगीत दिवे केवळ भिंतींपुरते ठेवले होते. कारण जांभळा किंवा निळा प्रकाश चेहऱ्यावर पडला, की छायाचित्रांतील त्वचेचा बिघडलेला रंग नंतर सुधारणे फार अवघड जाते.

आसनव्यवस्थेत मात्र हे भान सुटले. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ जण ऐसपैस बसू शकतात. तिथे दहा खुर्च्या मांडल्याने कोपराला कोपर लागत होते. ज्येष्ठांची टेबले ध्वनिवर्धकालगत आल्यामुळे त्यांना आपसांत बोलणेही कठीण झाले. ही सेवा घेणाऱ्यांनी बैठकीचा आराखडा मोजमापांसह आधीच लेखी मागून घ्यावा.